खेळवावे की बसवावे?

बास्केटबॉल हा पाच-पाच गड्यांचा खेळ आहे. अकरा गड्यांच्या खेळात एखादा दुखावला तर उरलेले दहाजण त्याची उणीव कशीबशी भरून काढतात. परंतु पाचांतील एक गेला म्हणजे संघाचा पाचवा हिस्सा गेला, आणि तो एक जर संघाचा मुख्य आधार असेल तर निम्मे बळच गेले असे समजावयास हरकत नाही. अमेरिकेत या खेळाचे जे लक्षावधी शौकीन आहेत, त्यांच्यातील एक जुना वाद याच गोष्टीतून उद्भवलेला आहे. दुखापतीतून नुकताच उठलेला गडी प्रशिक्षकाने केव्हा खेळवावा, किती खेळवावा, आणि केव्हा त्याला हाताला धरून बाकावर बसवावा? सामना संपला की उपाहारगृहांतून, आगगाडीच्या डब्यांतून, आणि ज्यांत श्रोतेच दूरध्वनीवरून आपले मत मांडतात अशा तिकडील रेडिओच्या कार्यक्रमांतून हा प्रश्न इतक्या हिरिरीने चर्चिला जातो की, ऐकणाऱ्यास हे सर्व लोक शल्यवैद्यच आहेत की काय असे वाटावे!

१८९१ च्या डिसेंबरात स्प्रिंगफील्ड गावच्या एका व्यायामशिक्षकाने, जेम्स नेस्मिथ याने, पीच फळांच्या दोन टोपल्या सज्जाच्या कठड्यास ठोकून हा खेळ सुरू केला. हिवाळ्यात विद्यार्थ्यांना छपराखाली काही व्यायाम घडावा एवढाच त्याचा हेतू होता. आज त्याच खेळाच्या धंदेवाईक संघांचा जो महासंघ अमेरिकेत आहे, त्यात तीस संघ असून प्रत्येक संघास ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत ८२ सामने खेळावे लागतात. त्यानंतर बाद फेऱ्या. आणि त्यांतही एकाच प्रतिपक्षाचा सातांपैकी चार सामन्यांत पराभव करावा तेव्हा पुढची पायरी. प्रत्येक सामना ४८ मिनिटांचा. एवढा काळ लाकडी तक्तपोशीवर धावणे, एकदम थांबणे, उंच उडी घेणे व पुन्हा त्याच पायावर उतरणे हा क्रम चालतो. गुडघा, घोटा व पोटरी यांवर त्याचा काय परिणाम होत असेल हे सांगावयास वैद्य नको.

या खेळाचा एक नियम येथे विशेष लक्षात घेतला पाहिजे. क्रिकेटमध्ये बाद झालेला फलंदाज त्या डावापुरता गेला तो गेलाच. बास्केटबॉलमध्ये मात्र प्रशिक्षक आपला गडी हवा तेव्हा बाहेर काढू शकतो व हवा तेव्हा पुन्हा आत पाठवू शकतो. त्यामुळे दुखण्यातून उठलेल्या गड्यास औषधाच्या मात्रेप्रमाणे मोजून खेळविता येते. आज पंधरा मिनिटे, आठवड्याने वीस, पुढे पंचवीस. ही सोय गड्याच्या दृष्टीने मोठीच आहे, पण प्रशिक्षकाच्या शिरावरील भार मात्र तिच्यामुळे वाढला आहे. सामना ऐन रंगात आलेला, संघ दोन गुणांनी मागे, आणि ठरलेले विसावे मिनिट संपले म्हणून सर्वोत्तम गडी बाकावर टॉवेल पांघरून बसलेला! असे दृश्य पाहून पैसे मोजून आलेल्या प्रेक्षकाच्या तोंडून प्रशिक्षकाविषयी जे उद्गार निघतात, ते नभोवाणीवर सांगण्यासारखे नसतात.

वाद घालणाऱ्यांत अर्थातच दोन पक्ष आहेत. एकाचे म्हणणे, शिर सलामत तर पगडी पचास. गड्याचा पाय शाबूत राहिला तर अजिंक्यपदे पुढेही मिळतील. दुसरा पक्ष म्हणतो की, मालिका हातची गेल्यावर गडी पूर्ण बरा होऊन आला तर ते वरातीमागून घोडे झाले. खेळाडूचे उमेदीचे आयुष्य ते किती, आणि अंतिम फेरी काय दरवर्षी येते? दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे, म्हणूनच वाद मिटत नाही. परंतु दोन्ही पक्षांची एक सवय मात्र चमत्कारिक आहे. निर्णय घेतेवेळी कोणास काय ठाऊक होते हे ते पाहत नाहीत. सामन्यानंतर काय झाले एवढेच पाहतात. गडी उतरला व संघ जिंकला तर प्रशिक्षक धीरोदात्त. गडी उतरला व पुन्हा कोसळला तर तोच प्रशिक्षक निर्दय. आणि ज्याने गड्यास बसवून ठेविले त्याच्या वाट्यास तर काहीच येत नाही. कारण जी दुखापत झालीच नाही ती कोणास दाखवावयाची कशी?

धाडसाच्या पक्षाचे आराध्य दैवत म्हणजे न्यूयॉर्क संघाचा विलिस रीड. १९७० साली लॉस एंजेलिसच्या संघाशी अंतिम फेरी चालू असता पाचव्या सामन्यात त्याच्या मांडीचा स्नायू फाटला. सहाव्या सामन्यास तो मुकला, आणि प्रतिपक्षाच्या विल्ट चेंबरलेन या धिप्पाड गड्याने त्या संधीचा लाभ घेऊन एकट्याने ४५ गुण केले. सातवा व अखेरचा सामना ८ मे रोजी न्यूयॉर्कमध्येच होता. वेदना बधिर करणारे इंजेक्शन घेऊन रीड लंगडत मैदानावर आला, तेव्हा प्रेक्षागार दुमदुमून गेले. पहिल्या दोन्ही फेकी त्याने अचूक टोपलीत टाकल्या. पुढे त्याला एकही गुण मिळाला नाही. सामना वस्तुतः जिंकून दिला तो वॉल्ट फ्रेझर याने, ३६ गुण करून व सोबत्यांना १९ वेळा गुणांची संधी मिळवून देऊन. परंतु अर्धशतक लोटले तरी लोकांच्या स्मरणात आहेत ते रीडचे चार गुण. फ्रेझरचे छत्तीस सांगावे लागतात. न्यूयॉर्कचे ते पहिले अजिंक्यपद होते, आणि तेव्हापासून जखमी गड्याने रीडसारखे उतरावे ही प्रेक्षकांची अपेक्षा होऊन बसली.

त्या अपेक्षेची दुसरी बाजू आठच वर्षांनी दिसली. पोर्टलंडच्या बिल वॉल्टन या उंचापुऱ्या गड्याने १९७७ साली आपल्या संघास अजिंक्यपद मिळवून दिले होते. पुढच्या हंगामात पहिल्या ६० पैकी ५० सामने संघाने जिंकले आणि वॉल्टनचा पाय दुखावला. बाद फेऱ्या येताच त्याला परत आणण्यात आले. सिॲटलविरुद्धच्या दुसऱ्या सामन्यापूर्वी त्याने वेदनाशामक इंजेक्शन घेतले, आणि नंतरच्या क्ष-किरण तपासणीत डाव्या पावलाचे हाड मोडल्याचे आढळून आले. त्या वर्षीचा सर्वश्रेष्ठ खेळाडू हा मान त्याला मिळाला; पण पुढचा सबंध हंगाम तो खेळला नाही, झालेल्या उपचारांबद्दल संघावर रुष्ट झाला आणि १९७९ साली पोर्टलंड सोडून गेला. २०२४ साली तो वारला. नियमित हंगामांतील त्याच्या नावावरील सामने अवघे ४६८ भरतात, आणि त्याचा खेळ ज्यांनी पाहिला ते अजूनही न झालेल्या सामन्यांचाच हिशेब करीत बसतात. रीडला व वॉल्टनला सुई एकाच प्रकारची टोचली होती. एकाची कथा झाली, दुसऱ्याची व्यथा.

शिकागोच्या डेरिक रोझचे प्रकरण यापेक्षा गुंतागुंतीचे आहे, आणि त्या शहरातील लोक आजही त्यावर भांडतात. रोझ हा शिकागोच्याच एका गरीब वस्तीत वाढलेला मुलगा. २०११ साली वयाच्या अवघ्या २२ व्या वर्षी तो सर्वश्रेष्ठ खेळाडू ठरला. एवढ्या लहान वयात हा मान दुसऱ्या कोणास मिळालेला नाही. पुढच्या हंगामात निरनिराळ्या दुखापतींमुळे ६६ पैकी ३९ सामनेच तो खेळू शकला. २८ एप्रिल २०१२ रोजी बाद फेरीचा पहिला सामना फिलाडेल्फियाशी होता. दीड मिनिटाहून कमी वेळ उरला असता शिकागोची आघाडी १२ गुणांची होती, आणि रोझ अद्याप मैदानावर होता. एक उडी घेताना त्याचा डावा गुडघा दगा देऊन गेला; आतील अस्थिबंध तुटला. प्रशिक्षक टॉम थिबोडो याजवर त्या रात्रीपासून टीकेचा भडिमार सुरू झाला. बारा गुणांची आघाडी असता, सारा हंगाम दुखणी काढलेल्या गड्यास आत ठेवण्याचे कारण काय? थिबोडो हा गड्यांकडून शेवटच्या थेंबापर्यंत काम करून घेणारा म्हणून आधीच प्रसिद्ध होता, त्यामुळे आरोप चिकटण्यास वेळ लागला नाही. न्यायाने बोलावयाचे तर, बाद फेरीत प्रमुख गडी अखेरच्या मिनिटांपर्यंत आत ठेवण्याची रीत त्या काळी थिबोडोचीच होती असे नव्हे. तरीही या एका प्रश्नात टीकाकारांची बाजू बरोबर दिसते. शेवटच्या दीड मिनिटात मिळवावयाचे जवळजवळ काही उरले नव्हते, आणि गमावण्यासारखे मात्र सर्व होते.

पण गंमत पुढेच आहे. शस्त्रक्रिया झाली, महिने गेले, आणि २०१३ च्या मार्चच्या सुमारास वैद्यांनी रोझला खेळण्यास परवानगी दिल्याचे वृत्त आले. संघाबरोबर तो सराव करीत असलेला लोक पाहत होते. सामन्यात मात्र उतरेना. तेव्हा ज्या शहराने प्रशिक्षकास निष्काळजी ठरविले होते, तेच शहर गड्यास अतिसावध ठरवू लागले! त्यातच बाद फेऱ्यांत शिकागोच्या संघाची अवस्था इस्पितळासारखी झाली होती. लुओल डेंग प्रत्यक्ष रुग्णालयात, कर्क हाइनरिक पोटरीच्या दुखण्याने बाहेर, जोकिम नोआ दुखऱ्या पावलावर उभा. आणि अशाही स्थितीत त्यांनी ब्रुकलिनला सातव्या सामन्यात हरविले. सुटाबुटात बाकाशेजारी बसलेल्या रोझकडे पाहून लोकांच्या मनात काय आले असेल ते सांगावयास नको. थिबोडोने मात्र त्याला जाहीरपणे टोचले नाही. तयार होईल तेव्हा येईल, एवढेच तो सांगत राहिला. पुढील हंगामात रोझ परतला, आणि दहाव्याच सामन्यात, २२ नोव्हेंबर २०१३ रोजी, त्याच्या उजव्या गुडघ्यातील कूर्चेची गादी फाटली. दीड वर्षाची सावधगिरी एका संध्याकाळी व्यर्थ गेली, असे धाडसाचा पक्ष म्हणू लागला. वस्तुतः जो गुडघा जपला होता तो शाबूतच होता. दुखावला तो दुसरा. परंतु एवढा बारकावा उपाहारगृहातील वादात टिकत नाही. ज्या थिबोडोने त्याला त्या रात्री आत ठेविले होते, त्याच्याच हाताखाली मिनेसोटाच्या संघातून ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी रोझने एका सामन्यात ५० गुण केले, आणि सामना संपताच तो मैदानावरच रडला.

आता ज्या प्रसंगाने हा वाद पराकोटीस नेला, तो २०१९ च्या अंतिम फेरीचा प्रसंग. कॅलिफोर्नियाचा गोल्डन स्टेट संघ लागोपाठ दोन वर्षे अजिंक्य होता व त्याचा प्रशिक्षक होता स्टीव्ह केर. या गृहस्थाने स्वतः खेळाडू म्हणून पाच अजिंक्यपदे पाहिली होती. शिवाय पाठीवरील शस्त्रक्रियेनंतरच्या त्रासामुळे २०१५-१६ च्या हंगामातील पहिले ४३ सामने त्याला प्रशिक्षकाच्या आसनापासून दूर राहावे लागले होते. दुखण्यातून परतणे म्हणजे काय हे त्याला पुस्तकातून शिकावयाचे नव्हते. ८ मे रोजी त्याच्या संघातील केव्हिन ड्युरँट याची उजवी पोटरी दुखावली. महिनाभर तो बाहेर राहिला. त्या महिन्यात अमेरिकेत काय काय बोलले गेले! त्याचा करार संपत आला आहे, म्हणून तो स्वतःला राखून ठेवीत आहे, असेही म्हणणारे निघाले. इकडे टोरांटोच्या संघाने तीन सामने जिंकून गोल्डन स्टेटला अखेरच्या कड्यावर आणून उभे केले. १० जून रोजी पाचव्या सामन्यात ड्युरँट उतरला. बारा मिनिटांत त्याने ११ गुण केले, लांबून फेकलेले तिन्ही चेंडू टोपलीत गेले. आणि दुसऱ्या सत्रात चेंडू घेऊन वळता वळता तो खाली बसला. उजव्या टाचेवरील कंडरा तुटली होती. टोरांटोच्या काही प्रेक्षकांनी त्यावर आनंदाचा गजर केला. तेव्हा त्यांच्याच संघातील गड्यांनी हात वर करून त्यांना गप्प केले, ही गोष्ट नमूद करण्यासारखी आहे. गोल्डन स्टेटने तो सामना १०६ विरुद्ध १०५ असा एका गुणाने जिंकला. म्हणजे ड्युरँटचे अकरा गुण नसते तर मालिका तेथेच संपली असती. तीन दिवसांनी ती संपलीच. आणि त्या सहाव्या सामन्यात क्ले थॉम्पसन या दुसऱ्या आधारस्तंभाच्या गुडघ्याचा अस्थिबंध तुटला.

त्या रात्री संघाचा व्यवस्थापक बॉब मायर्स वृत्तपत्रकारांपुढे आला तो डोळे पुशीतच. दोष द्यावयाचाच असेल तर मला द्या, असे त्याने सांगितले. केरचे म्हणणे असे पडले की, सर्वांनी मिळून माहिती गोळा केली तेव्हा फार तर पोटरी पुन्हा दुखावेल एवढीच भीती त्यांना वाटत होती. कंडरेचा विचारच कोणाच्या मनात आला नव्हता. खरा विचार करावयाचा तो या विधानाचा. पोटरीचे स्नायू खाली निमुळते होत होत याच कंडरेने टाचेच्या हाडास जोडलेले असतात. एक दुखावले म्हणजे दुसरे तुटतेच असा काही सिद्धान्त नाही. परंतु एका दोराचा वरचा पीळ उसवला असता खालच्या गाठीची काळजी सामान्य मनुष्यही करील. गड्याची इच्छा होती, वैद्यांची हरकत नव्हती, संघास गरज होती. इतके सगळे एका बाजूस झुकलेले असताना 'नाही' म्हणावयाचे कोणी? प्रेक्षकांच्या वादात ड्युरँटची संमती हा मोठा मुद्दा म्हणून पुढे केला जातो. पण अंतिम फेरीत संघ हरत असताना उतरू का, असे कोणत्याही पाणीदार गड्यास विचारून पाहावे. दुसरे उत्तर मिळणारच नाही. जे उत्तर आधीच ठाऊक आहे, त्यावर निर्णयाचा भार टाकता येत नाही. प्रशिक्षकाचेही तसेच, आजचा सामना हेच त्याचे पोट. तेव्हा शरीराविषयीचा अखेरचा शब्द असा मनुष्य उच्चारील ज्याला त्या रात्रीच्या गुणफलकाशी कर्तव्य नाही, अशीच व्यवस्था हवी. प्रशिक्षकाच्या हाती उरावी ती मिनिटांची मोजणी.

त्याच मालिकेत दुसऱ्या बाकावर कवाय लेनर्ड होता, हा एक विलक्षण योग. मागील हंगामात मांडीच्या दुखण्यामुळे तो सॅन अँटोनियोतर्फे अवघे नऊ सामने खेळला होता. टोरांटोने त्याला घेतले व ८२ पैकी ६० सामनेच खेळविले. लागोपाठच्या दोन दिवशी तर दोन्ही वेळा कधीच नाही. एवढा पैसा देऊन आणलेला गडी बसवून कसला ठेवता, अशी कुरकुर वर्षभर चालली, आणि जूनमध्ये अंतिम फेरीचा सर्वोत्तम गडी म्हणून गौरव झाला तो त्याचाच. सावधगिरीच्या पक्षाने अर्थात हा पुरावा डोक्यावर घेतला. त्यांनी तो जपून वापरावा. कारण दोनच वर्षांनी, २०२१ च्या बाद फेऱ्यांत, लॉस एंजेलिसच्या क्लिपर्स संघात असता लेनर्डच्याही गुडघ्याचा अस्थिबंध दुखावला व पुढील सबंध हंगाम बुडाला.

केरने २०१९ पासून काय घेतले ते त्याच्या पुढच्या वागणुकीवरून दिसून येते. थॉम्पसन गुडघ्यातून बरा होत आला तोच २०२० च्या नोव्हेंबरात त्याचीही टाचेची कंडरा तुटली. ९४१ दिवसांनी, ९ जानेवारी २०२२ रोजी तो परतला, तेव्हा प्रेक्षक वेडे झाले होते. पण केरने त्याला वीस मिनिटांच्या आसपासच खेळविले, आणि त्या हंगामात लागोपाठच्या दिवशी दोन सामने त्याच्या वाट्यास येऊ दिले नाहीत. मार्चमध्ये स्टेफन करी याचे पाऊल दुखावले. संघाचा प्राणच तो. हंगामातील शेवटचे १२ सामने त्याच्यावाचून काढले. एप्रिलमध्ये डेनव्हरविरुद्ध बाद फेरी सुरू झाली तेव्हा प्रेक्षकांना वाटले, आता तरी करी आरंभापासून उतरेल. केरने त्याला आरंभीच्या पाचांत न घेता राखीव गडी म्हणून बाकावरून आत पाठविले, तेही एक नव्हे, चार सामने! पहिल्यात २२ मिनिटे व १६ गुण. दुसऱ्यात २३ मिनिटे व ३४ गुण. चौतीस गुण करणारा गडी तेविसाव्या मिनिटानंतर न वापरणे हा प्रेक्षकांच्या अंकगणितात बसणारा प्रकार नव्हे. पाचव्या सामन्यात करी आरंभापासून खेळला, मालिका संपली, आणि जूनमध्ये बोस्टनला हरवून गोल्डन स्टेट पुन्हा अजिंक्य झाले. अंतिम फेरीच्या सर्वोत्तम गड्याचा मान करीस आयुष्यात प्रथमच मिळाला. यश आले म्हणून केर शहाणा ठरला, असे म्हटले तर वर ज्या सवयीस नावे ठेविली तिच्यातच पडल्यासारखे होईल. डेनव्हरकडून तो हरता तरीही ती मोजणी योग्यच होती. कारण या वेळी गडी उतरावा की न उतरावा एवढाच प्रश्न न विचारता, किती उतरावा हा प्रश्न त्याने विचारला होता.

प्रेक्षकाची बाजू अगदीच टाकाऊ नाही, हेही सांगितले पाहिजे. दूरच्या गावाहून, मुलाला बरोबर घेऊन, महागडी तिकिटे काढून जो मनुष्य येतो, त्याला ज्याच्यासाठी आलो तो गडी 'विश्रांती' घेत असल्याचे दारात कळते. धडधाकट गड्यासही केवळ जपण्यासाठी बसविण्याची प्रथा इतकी माजली की, २०२३ साली महासंघास नियम करावे लागले: एका सामन्यात एकाहून अधिक नामांकित गडी बसवू नयेत, आणि वर्षाच्या मोठ्या मानांसाठी निदान ६५ सामने खेळलेले असावेत. खरोखर दुखावलेल्यांना पहिल्या नियमातून अर्थातच सूट आहे. परंतु दुखणे कोठे संपते व जपणूक कोठे सुरू होते, ही रेषा कोणी आखावयाची?

२०२५ च्या अंतिम फेरीत तर २०१९ चाच प्रयोग पुन्हा लागल्यासारखे झाले. इंडियानाच्या संघाने हे अजिंक्यपद तोवर एकदाही मिळविले नव्हते. पाचव्या सामन्यात टायरीस हॅलिबर्टन याची उजवी पोटरी दुखावली. सहाव्यात तो बेताचीच मिनिटे खेळला व संघ जिंकला. २२ जून रोजी ओक्लाहोमा सिटीत सातवा सामना झाला, त्यात पहिल्याच सत्रात त्याने लांबून तीन वेळा चेंडू टोपलीत टाकला, आणि नऊ गुणांवर असता उजव्या टाचेची कंडरा तुटून तो जमिनीवर हात आपटीत पडला. इंडियाना ९१ विरुद्ध १०३ असे हरले. पण या वेळी एक फरक होता. ड्युरँटच्या उदाहरणानंतर हा धोका कोणास ठाऊक नव्हता असे म्हणण्याची सोय उरली नव्हती. सामन्यापूर्वीच घरोघरी त्याची चर्चा चालली होती. पुन्हा तशीच वेळ आली तर पुन्हा उतरेन, असे हॅलिबर्टनने शस्त्रक्रियेनंतर जाहीर केले, आणि धाडसाच्या पक्षाने ते वाक्य निशाणासारखे उंचावले. संघाच्या चालकांनी मात्र त्यावर वाद घातला नाही. कंडरा जोडल्यावर नऊ ते बारा महिन्यांत गडी पुन्हा उभा राहतो. म्हणजे पुढच्या वसंतात, बाद फेऱ्यांच्या तोंडावर, तो आत घेण्याचा मोह त्यांना झालाच असता. ती वेळ येण्यापूर्वीच, जुलैमध्ये, त्यांनी सांगून टाकले की २०२५-२६ च्या सबंध हंगामात हॅलिबर्टन खेळणार नाही.